एन-हेक्झाडेकेन: थंडीत गोठणारा, सहज न पेटणारा आणि तरीही जपून हाताळायचा द्रव

काचपात्र

आमच्या महाविद्यालयाच्या भांडारात सूक्ष्मजीवशास्त्र विभागासाठी मागवलेली एन-हेक्झाडेकेनची अर्ध्या लिटरची काचेची बाटली आहे. सध्या नाशिककडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो आहे आणि भांडाराची खोली उत्तरेकडची असल्यामुळे ती दुपारीही फारशी उबदार होत नाही. बाटली बाहेर काढली तेव्हा आतला द्रव पूर्णपणे गोठून मेणचट पांढरा झालेला होता. मध्यभागी खोल खळगा पडला आहे आणि काचेला चिकटलेल्या थरात बारीक, लांबट पट्टे स्पष्ट दिसतात. लेबलवर मात्र ‘रंगहीन द्रव’ असेच छापलेले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हा माल खराब झाला आहे, असे समजायचे का? तो वितळवण्याची योग्य रीत कोणती? आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की फ्लॅश पॉइंट (ज्योत जवळ आणल्यास द्रवाची वाफ पेट घेते ते तापमान) १३५ अंश सेल्सिअस असल्यामुळे बाटली सरळ हॉट प्लेटवर ठेवायला काहीच हरकत नाही. मला ते पटत नाही, पण त्यांना पटेल असे कारणही मला देता येत नाही. याशिवाय वापर झाल्यावर उरलेल्या द्रवाचे काय करायचे, याबद्दल जाणकारांनी लिहिल्यास उपकृत होईन.

रसायनी

माल खराब झालेला नाही. एन-हेक्झाडेकेन म्हणजे सोळा कार्बन अणूंची सरळ, फाटे नसलेली साखळी असलेले संतृप्त (दुहेरी बंध नसलेले) हायड्रोकार्बन. त्याचा द्रवणांक १८ अंशांच्या जरासा वर आहे आणि उत्कलनांक सुमारे २८७ अंश. मुंबईत किंवा पणजीत काम करणाऱ्या माणसाला हा पदार्थ बहुधा कायम द्रवरूपातच भेटतो (एसी सोळावर लावण्याची हौस असलेल्या खोल्या सोडून द्या), पण नाशिक, निफाड किंवा महाबळेश्वर येथील हिवाळ्यात तो गोठणे अगदी स्वाभाविक आहे. पुरवठादार लेबलवर जी अवस्था छापतात ती २० किंवा २५ अंशांची असते.

मध्यभागी पडलेल्या खळग्याचेही कारण सरळ आहे. पाणी गोठताना प्रसरण पावते, तर हा पदार्थ गोठताना बराच आकुंचन पावतो. गोठण्याची सुरुवात थंड काचेपासून होते, शेवटचा द्रव मध्यभागी उरतो आणि तो गोठला की तिथे जागा रिकामी पडते. म्हणून गोठताना बाटली फुटत नाही. वितळवताना मात्र फुटू शकते, आणि त्याकडेच सहसा दुर्लक्ष होते. तळाला आच दिली तर तळाचा भाग आधी वितळून प्रसरण पावतो, वर मात्र गोठलेल्या पदार्थाचे घट्ट बूच तसेच राहते. अशा वेळी काचेवर चांगलाच दाब येतो. त्यामुळे बाटलीचे झाकण किंचित सैल करून ती ३० ते ३५ अंशांच्या कोमट पाण्यात, आतल्या पदार्थाच्या पातळीपर्यंत बुडेल अशी उभी करावी, म्हणजे चहूबाजूंनी सारखी ऊब मिळेल. घाई असेल तर गळ्याकडचा भाग आधी मोकळा होईल असे पाहावे. पाणी बाटलीत शिरणार नाही याची काळजी घ्यावी, कारण हा द्रव पाण्यात व्यवहारतः विरघळतच नाही आणि शिरलेला थेंब तळाशी जाऊन बसतो.

वितळण्यासाठी ग्रॅमला सुमारे २३५ ज्यूल एवढी उष्णता लागते. बर्फाला लागते त्याच्या दोन-तृतीयांशाहून ती अधिक आहे, त्यामुळे अर्धा लिटर वितळायला वेळ लागतो आणि लागू द्यावा. इमारतींमध्ये किंवा मालवाहतुकीत तापमान स्थिर ठेवण्यासाठी उष्णता साठवणारे पदार्थ वापरतात, त्यांत हेक्झाडेकेनचा नंबर लागतो तो याच गुणामुळे.

आणखी एक सूचना. बाटली अर्धवट वितळलेली असताना वरचा द्रव ओतून घेऊ नका. अतिशुद्ध प्रतीत त्याने फारसे बिघडत नाही, पण ९५ टक्के किंवा त्याहून कमी शुद्धतेच्या प्रतीत थोड्या कमी-जास्त लांबीच्या साखळ्या आणि फाटे असलेले रेणू आधी द्रवात येतात. म्हणजे तुम्ही ओतून घेता तो अशुद्धीने समृद्ध झालेला भाग असतो आणि बाटलीत मागे राहतो तो अधिक शुद्ध. संपूर्ण वितळू द्यावे, बाटली हलक्या हाताने उलटसुलट करावी आणि मगच घ्यावे.

साधाप्रश्न

पंधरा कार्बनचा पेंटाडेकेन आणि सोळा कार्बनचा हेक्झाडेकेन यांच्यात फरक एका कार्बनचा. मग एक नाशिकच्या थंडीत बहुतेक वेळा द्रव राहतो आणि दुसरा गोठतो, असे कसे?

रसायनी

प्रश्न चांगला आहे. चौदा, पंधरा, सोळा, सतरा आणि अठरा कार्बनच्या सरळ साखळ्यांचे द्रवणांक ओळीने पाहा: ५.९, ९.९, १८.२, २२ आणि २८.२ अंश. चौदावरून पंधरावर जाताना चार अंश वाढतात, पंधरावरून सोळावर जाताना एकदम आठ, पुन्हा सतरावर जाताना चार आणि अठरावर जाताना सहा. आता याच साखळ्यांचे उत्कलनांक पाहिले तर ते सुमारे २५४, २७१, २८७, ३०२ आणि ३१६ असे जवळजवळ समान पायऱ्यांनी चढत जातात. द्रव उकळताना रेणू एकमेकांपासून सुटण्याचा प्रश्न असतो आणि तो साखळीच्या लांबीनुसार ठरतो. घनरूपात मात्र रेणू एकमेकांशेजारी कसे रचले जातात याला महत्त्व येते. नागमोडी साखळीत कार्बनची संख्या सम असेल तर दोन टोकांचे मिथाइल गट परस्परविरुद्ध दिशांना वळलेले असतात आणि एका थराची टोके पुढच्या थराच्या टोकांशी नीट जुळतात. विषम संख्येत दोन्ही टोके एकाच बाजूला झुकतात, तशी घट्ट रचना जमत नाही, आणि द्रवणांक अपेक्षेपेक्षा खाली राहतो.

ओघात एक गमतीची बाब सांगतो. बहुतेक पदार्थांचा पृष्ठभाग आतल्या भागाच्या आधी वितळतो. या सरळ साखळ्यांचे नेमके उलट आहे. सोळाच्या आसपासपासून पन्नास कार्बनपर्यंतच्या साखळ्यांमध्ये, द्रव अजून द्रवच असताना आणि द्रवणांकाच्या वर कमाल तीनेक अंशांपर्यंत, हवेला लागून असलेला एका रेणूच्या जाडीचा थर आधी स्फटिकरूप होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पृष्ठताण तापमानानुसार मोजत गेल्यास आलेखात ठळक कोन दिसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रयोग आहे, आणि तापमान हातातले असल्यामुळे महागडी उपकरणेही फारशी लागत नाहीत.

इंजिनघर

धागाकर्त्यांच्या (काचपात्र यांच्या) सहकाऱ्यांनी फ्लॅश पॉइंटवर ठेवलेला भरवसा दुरुस्त करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की बाहेरून ज्योत जवळ आणल्यास ती क्षणभर पेट घेते. हेक्झाडेकेनसाठी हे तापमान १३५ अंशांच्या आसपास आहे. नेहमीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब एक पास्कलपेक्षाही कमी असल्यामुळे टेबलावर सांडलेल्या थेंबाला काडी लावली तरी तो पेटत नाही. इथपर्यंत आपले सहकारी बरोबर आहेत. पण स्वयंप्रज्वलन तापमान ही वेगळी मोजणी आहे. त्यात बाहेरची ज्योत नसते आणि केवळ उष्णतेने हवेतली वाफ आपणहून पेटते. मिथेनसाठी हे तापमान ५३७ अंशांच्या आसपास आहे, सहा कार्बनच्या हेक्झेनसाठी सुमारे २२५ आणि हेक्झाडेकेनसाठी केवळ २०२ च्या आसपास. पेट्रोलचे यापेक्षा जास्त असते. ज्योत लावून पेटवायला हेक्झाडेकेन पेट्रोलपेक्षा कितीतरी अवघड आहे, पण तापलेल्या पृष्ठभागावर पडले तर ते पेट्रोलपेक्षा लवकर पेटू शकते.

याचे कारण साखळीच्या लांबीत आहे. दोनशे अंशांच्या परिसरात ऑक्सिजन साखळीच्या मधल्या कार्बनवर जाऊन बसतो, लांब व लवचीक साखळीमुळे तो तिथूनच त्याच साखळीतल्या जवळच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि त्यातून तयार होणारी पेरॉक्साइडे फुटून नवे क्रियाशील तुकडे देतात. एकातून दोन, दोनांतून चार अशी ही साखळी अभिक्रिया वाढत जाते. छोट्या रेणूत किंवा बरेच फाटे असलेल्या रेणूत हा अंतर्गत हायड्रोजन ओढून घेण्याचा मार्गच अडतो.

डिझेल इंजिन चालते ते याच गुणावर. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते जितक्या लवकर आपणहून पेटेल तितके इंजिन सुरळीत चालते. या गुणाचे माप म्हणजे सीटेन अंक, आणि त्या मापातला १०० हा अंक हेक्झाडेकेनलाच दिलेला आहे, कारण सीटेन हे त्याचेच जुने नाव. खालच्या टोकाला पूर्वी १-मिथाइलनॅफ्थलीन हे शून्य मानत. १९६२ पासून त्याच्या जागी हेप्टामिथाइलनोनेन आले, ज्याचा अंक १५ धरतात. त्यातही कार्बन सोळाच आणि हायड्रोजन चौतीसच, म्हणजे रेणुसूत्र तेच. फक्त साखळी सरळ नसून फाट्यांनी भरलेली, आणि तेवढ्याने अंक १०० वरून १५ वर येतो. हवा दाबण्याचे प्रमाण बदलता येणाऱ्या, इंधन तपासणीसाठीच्या सीएफआर जातीच्या एक-सिलिंडर इंजिनात नमुन्याची या दोन द्रवांच्या मिश्रणांशी तुलना करून अंक काढतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र लागू झालेल्या बीएस-६ डिझेलसाठी हा अंक किमान ५१ असावा लागतो.

सरळ साखळ्या पेटण्यासाठी चांगल्या, पण थंडीत त्याच आधी गोठतात. लडाखसारख्या ठिकाणी साध्या डिझेलमधले हे मेण बाहेर पडून फिल्टर तुंबतात, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल तिथे आणले. धागाकर्त्यांच्या बाटलीत जे घडले आहे तेच तिथे टाकीत घडत असते.

काचपात्र

हे वाचून सहकाऱ्यांना दाखवले. त्यांचा आता असा युक्तिवाद आहे की हॉट प्लेटची चकती ‘मंद’वर ठेवली तर दोनशे अंश कुठले येणार?

रसायनी

साध्या हॉट प्लेटवरची चकती तापमान दाखवत नाही, तापकाला किती वेळ वीज मिळावी एवढेच ती ठरवते. वर काही ठेवलेले नसेल किंवा बाटलीचा तळ सपाट नसेल तर पृष्ठभागाचा काही भाग भरमसाट तापतो आणि पूर्ण चालू केलेल्या बहुतेक हॉट प्लेटचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या पलीकडे सहज जातो. त्यातच मी वर लिहिलेला प्रकार घडला, म्हणजे तळ वितळून काच तडकली, तर अर्धा लिटर हेक्झाडेकेन त्या पृष्ठभागावर पसरेल. तेव्हा काडीची गरज पडणार नाही. जाड काचेची साठवणीची बाटली थेट तापवायची नसते, हा नियम तर द्रव कोणताही असला तरी लागू आहे. कोमट पाण्याने जे काम तासाभरात होते त्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

आणखी दोन परिस्थितींत फ्लॅश पॉइंटचा आकडा फसवतो. एक म्हणजे फवारा: द्रव बारीक थेंबांच्या धुक्याच्या रूपात हवेत गेला तर तो फ्लॅश पॉइंटच्या बऱ्याच खाली पेटू शकतो. दुसरी म्हणजे चिंधी किंवा उष्णतारोधक आवरण. ओव्हनच्या किंवा तापणाऱ्या नळीच्या भोवतालच्या आवरणात असा द्रव मुरला, तर मोठ्या पृष्ठभागावर पसरून तो हवेशी सावकाश अभिक्रिया करत राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या नुसत्या ढिगाऱ्यात पडूनही पेटतात, कारण त्या तेलात दुहेरी बंध असतात. हेक्झाडेकेन संतृप्त असल्यामुळे साध्या तापमानाला तशी भीती नाही, पण तापलेल्या आवरणात ती आहे.

आग लागलीच तर कोरडी रासायनिक पूड, कार्बन डायऑक्साइड किंवा फेस वापरावा. पाण्याचा झोत मारू नये: जळता द्रव पाण्यावर तरंगतो आणि पसरतो.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने हा द्रव मागवला असेल तर तो बहुधा जिवाणूंच्या पृष्ठभागाची जलविरोधिता मोजण्यासाठी. रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. धुतलेल्या जिवाणूंचे द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यावर थोडे हेक्झाडेकेन घालायचे, दोन मिनिटे जोरात घुसळायचे, थर वेगळे होऊ द्यायचे आणि खालच्या पाण्याच्या थराची गढूळता ४०० नॅनोमीटरवर मोजायची. ज्यांचा पृष्ठभाग जलविरोधी असतो ते जिवाणू तेलाच्या थेंबांना चिकटून वर जातात आणि खालचे पाणी निवळते. घुसळण्याआधी आणि नंतरच्या मापांतला फरक हेच उत्तर. प्रोबायोटिक जिवाणू आतड्याच्या अस्तराला कितपत चिकटू शकतील याचा पहिला अंदाज घेण्यासाठी ही चाचणी आजही सर्रास वापरतात.

या कामासाठी हेक्झाडेकेन सोयीचे पडते, कारण ते टोल्युइन किंवा झायलीनसारखे पेशींच्या आवरणाला सहसा इजा करत नाही, त्याला उग्र वास नाही, आणि घनता ०.७७ असल्यामुळे ते पाण्यावर स्वच्छ वेगळे होते. हिवाळ्यात मात्र या चाचणीचे निकाल हमखास विचित्र येतात. मूळ पद्धतीत नळ्या ३० अंशांना ठेवून मगच घुसळायच्या आहेत. ती पायरी वगळून थंड खोलीत काम केले की थेंबांऐवजी पांढरे कण तयार होतात, ते पाण्याच्या थरात लोंबकळत राहतात, आणि वर्णपटमापक त्यांनाही जिवाणू समजून मोजतो. काही नळ्यांत तर सुरुवातीपेक्षा जास्त गढूळता दिसते आणि उत्तर उणे येते. द्रावण, हेक्झाडेकेन आणि पिपेटची टोके या तिन्ही गोष्टी आधी ३० अंशांच्या इन्क्यूबेटरमध्ये ठेवाव्यात.

दुसरा वापर म्हणजे बुशनेल-हास माध्यमात (जिवाणू वाढवण्याच्या, केवळ क्षार असलेल्या द्रावणात) कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून हेक्झाडेकेन घालून तेल खाणारे जिवाणू वेगळे करणे. गॅरेजमागच्या तेलकट मातीचा चमचाभर नमुना घेतला तरी स्यूडोमोनास व तत्सम जिवाणू बहुधा सापडतात. सरळ साखळी त्यांना सर्वांत आधी पचते, फाटेवाली मागे राहते.

औषधघर

आतापर्यंत आगीबद्दल पुष्कळ चर्चा झाली. माझ्या मते प्रयोगशाळेतला खरा धोका दुसरा आहे. सुरक्षा माहितीपत्रकात या द्रवासमोर ‘गिळल्यास व श्वासमार्गात गेल्यास प्राणघातक ठरू शकते’ असा इशारा असतो आणि तो वाचून बरेच जण गोंधळतात, कारण पोटात गेलेले हेक्झाडेकेन स्वतः फारसे विषारी नाही.

धोका फुप्फुसांना आहे. पातळ आणि कमी पृष्ठताणाचा तेलकट द्रव गिळताना किंवा उलटीबरोबर वर येताना घशातून श्वासनलिकेत निसटला, तर तो क्षणात खोलवर पसरतो, वायुकोशांना उघडे ठेवणारा नैसर्गिक थर बिघडवतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणूनच या वर्गीकरणाची कसोटी विषाच्या मात्रेवर नसून पातळपणावर आहे: ४० अंशांना गतिकीय श्यानता (द्रवाच्या दाटपणाचे माप) २०.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद किंवा त्याहून कमी असलेले हायड्रोकार्बन या वर्गात येते. हेक्झाडेकेनची ही श्यानता तीनच्या आसपास आहे.

यावरून प्रथमोपचार ठरतो. कोणी चुकून गिळलेच तर उलटी करवू नये. मीठपाणी पाजणे, घशात बोट घालणे यांपैकी काहीही करू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालयात न्यावे आणि माहितीपत्रकाची प्रत बरोबर द्यावी. सुरुवातीला फक्त खोकला किंवा ठसका असतो, त्यामुळे ‘काही झालेले नाही’ असे वाटू शकते. न्यूमोनियाची लक्षणे काही तासांनी वाढतात, म्हणून निरीक्षण आवश्यक असते. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल लहान मुले पितात तेव्हा नेमके हेच होते, आणि घाबरलेल्या घरच्यांनी करवलेल्या उलटीने बरेचदा मुलाची अवस्था अधिक बिघडते.

तोंडाने पिपेट ओढण्याची सवय काही जुन्या प्रयोगशाळांत अजून टिकून आहे. या द्रवासाठी तरी ती पूर्णपणे बंद असावी.

साधाप्रश्न

यात थोडी अतिशयोक्ती वाटते. लिक्विड पॅराफिन हेही लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बनच आहे, ते बद्धकोष्ठावर पोटात देत आले आहेत. बाळाच्या अंगाला लावण्याच्या तेलातही तेच असते. मग एवढी भीती कशासाठी?

औषधघर

तुलना योग्य आहे, निष्कर्ष नाही. औषधी दर्जाच्या घट्ट लिक्विड पॅराफिनची श्यानता २० अंशांना शंभर मिलिपास्कल-सेकंदांच्या वर असते, हेक्झाडेकेनची साडेतीनच्या आसपास. म्हणजे तिशीच्या पटीत फरक आहे. घट्ट तेल घशात रेंगाळते, पातळ तेल निसटते. तरीसुद्धा लिक्विड पॅराफिन पूर्ण निर्धोक आहे असे नाही: झोपण्यापूर्वी ते नियमित घेणाऱ्या वृद्धांत आणि जबरदस्तीने पाजलेल्या बाळांत ते थोडे थोडे फुप्फुसात जाऊन तैल-न्यूमोनिया झाल्याचे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिवाय औषधी दर्जाच्या तेलातून अॅरोमॅटिक (बेंझिनसारखे वलय असलेले) घटक काढून टाकलेले असतात. प्रयोगशाळेच्या बाटलीतला द्रव कितीही शुद्ध असला तरी तो त्या कसोटीवर तपासलेला नसतो.

त्वचेबाबत मात्र मी आपल्याशी बराचसा सहमत आहे. हातावर थेंब पडल्यास साबणाने धुवावा, एवढे पुरे. वारंवार संपर्क आला तर त्वचेतला स्निग्धांश निघून ती कोरडी पडते व भेगाळते.

निवृत्त तंत्रज्ञ

हेक्झाडेकेनच्या धाकट्या भावंडाबद्दल, बारा कार्बनच्या डोडेकेनबद्दल, थोडे लिहितो, कारण त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) १९६४ मध्ये सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रापासून पुढे तारापूरपर्यंत, वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे करण्याची मुख्य पद्धत ट्रायब्युटाइल फॉस्फेटवर आधारलेली आहे. हा फॉस्फेट एकटा वापरला तर चिकट आणि जड पडतो, त्याची घनता पाण्याच्या जवळ जाते आणि थर वेगळे होत नाहीत. म्हणून तो ३० टक्के आणि उरलेले डोडेकेनसारखे पातळ हायड्रोकार्बन असे मिश्रण करतात. नायट्रिक आम्लाच्या आणि किरणोत्साराच्या सान्निध्यात टिकेल असा स्वस्त, हलका, उच्च फ्लॅश पॉइंटचा द्रव शोधताना सरळ संतृप्त साखळीवर येऊन थांबावे लागते. तिचा दोषही तिथेच आहे: धातूचे प्रमाण फार वाढले की फॉस्फेटची संयुगे डोडेकेनमध्ये मावत नाहीत आणि मध्येच तिसरा थर तयार होतो.

हे इथे लिहिण्याचे कारण टाकाऊ द्रवाशी निगडित आहे. असे सेंद्रिय मिश्रण तीव्र नायट्रिक आम्लाबरोबर तापल्यास अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. रशियातील तोम्स्क-७ या अणुकेंद्रात एप्रिल १९९३ मध्ये याच प्रकारे टाकीचा स्फोट झाला. तिथला मुख्य दोषी फॉस्फेट होता, एकटे हायड्रोकार्बन नव्हे, हे मान्य आहे. तरी महाविद्यालयात ‘टाकाऊ’ असे एकच लेबल लावलेल्या बाटलीत आज हेक्झाडेकेन आणि उद्या काचेची भांडी धुतलेले नायट्रिक आम्ल ओतले जाताना मी स्वतः पाहिले आहे. सेंद्रिय द्रव आणि ऑक्सिडीकारक आम्ले एका बाटलीत कधीही येऊ देऊ नयेत.

काचपात्र

ही सूचना आजच भिंतीवर लावतो. हातमोजे आणि भांडी धुणे याबद्दल कोणी सांगेल का? आमच्या ड्रॉपरचे रबरी फुगे या द्रवामुळे मऊ व चिकट होत आहेत.

पेट्रीडिश

नैसर्गिक रबर अशी हायड्रोकार्बने शोषून फुगते, त्यामुळे रबरी फुगा आणि लॅटेक्सचे हातमोजे दोन्ही बाद. नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत. सिलिकॉनच्या नळ्याही फुगतात. नळी लागतच असेल तर टेफ्लॉनची घ्यावी. साठवण मूळ काचेच्या बाटलीतच ठेवावी, टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण उत्तम. मोजून घ्यायचे तर पिपेटपेक्षा वजनाने घेणे अधिक अचूक पडते: २५ अंशांना १ मिलिलिटर म्हणजे ०.७७ ग्रॅम.

भांडी नुसत्या साबणाने निघत नाहीत, पातळ थर राहतोच. आधी टिश्यूने पुसून घ्यावे, मग हेक्झेनच्या थोड्या मात्रेने दोनदा खंगाळावे आणि शेवटी साबण व गरम पाणी. हेक्झेनने धुण्याचे काम फ्यूम कपाटातच करावे, कारण हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली आहे. हेक्झाडेकेन साफ करताना आपण त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक ज्वालाग्राही द्रव हातात घेत असतो, याचे भान ठेवावे. सांडलेला द्रव कोरड्या वाळूने किंवा शोषक मातीने टिपावा. फरशीवर राहिलेला अदृश्य थर इतका निसरडा असतो की आमच्याकडे या द्रवाने झालेली एकमेव इजा घसरून पडण्याची आहे.

रसायनी

विल्हेवाटीचा मुद्दा राहिला आहे. हा द्रव मोरीत ओतू नये. तो पाण्यावर तरंगतो, थंडीत नळीत गोठून ती तुंबवतो, आणि जिवाणू तो पचवतात हे खरे असले तरी सांडपाण्याच्या टाकीवर त्याचा तवंग आला की खालच्या पाण्याला प्राणवायू मिळेनासा होतो. हॅलोजन (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये) नसलेल्या सेंद्रिय द्रावकांसाठी वेगळी बाटली ठेवावी. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन त्यात गेले की संपूर्ण बाटली जाळण्याचा प्रकार आणि खर्च बदलतो. जिवाणूंशी संपर्क आलेला पाण्याचा थर वेगळा काढून निर्जंतुक करावा. तेलाचा थर मात्र बंद झाकणाच्या नळीत ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नये. तो थर वापरातल्या जिवाणूला लागू पडणाऱ्या जंतुनाशकाच्या द्रावणाबरोबर ठरलेला वेळ हलवून मग टाकाऊ बाटलीत घ्यावा, आणि ते जंतुनाशक ऑक्सिडीकारक नसेल हे पाहावे.

अशा बाटल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्याव्या लागतात. राज्यात तळोजा व रांजणगाव येथे अशी सामायिक केंद्रे आहेत. एकट्या महाविद्यालयाचा कचरा थोडा असतो, म्हणून शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा उचल ठरवणे परवडते. बाटली तीन-चतुर्थांशांहून अधिक भरू नये, म्हणजे थंडीत गोठून पुन्हा वितळताना प्रसरणाला जागा राहते. लेबलवर पदार्थाचे पूर्ण नाव, भरण्यास सुरुवात केल्याची तारीख आणि ‘१८ अंशांखाली गोठते’ अशी नोंद असावी, नाहीतर उचलणारा माणूस त्याला गाळ समजून परत पाठवतो.